काठी उभी, तर वाट उघडी

१२ जानेवारी

अस्लाक,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता शेगडीत टाकलंस, तर मला कळायचं नाही. पण तू टाकणार नाहीस. तुला कागद जाळवत नाही. लहानपणी पावाभोवतीचे कागदसुद्धा घडी घालून खणात ठेवायचास आणि आई ओरडायची.

सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय तीही काम निघालं म्हणून. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण मी सख्ख्या भावाच्या बाबतीत खरी करून दाखवली. आता पुन्हा त्याच वैद्याच्या दारात उभी आहे. लाज वाटते, पण लाज धरून बसले तर हालवारचं काम व्हायचं नाही.

हालवारला, तुझ्या मेहुण्याला, बर्फात झोपायचंय. मार्चमध्ये त्याला सत्तर पुरी होतील. सोळाव्या वर्षापासून दर हिवाळ्यात एक तरी रात्र तो तंबूत, बर्फावर काढायचा. निम्म्या वेळा तूच बरोबर असायचास. अपघातानंतर ते सुटलं. परवा जेवताना म्हणाला, "गुन्वोर, मला केक नको, भाषणं नकोत. एक रात्र बर्फात दे. मग पुढची वीस वर्षं या आरामखुर्चीत मुकाट बसतो." मी म्हटलं, "तू आणि मुकाट?" पण त्याचा चेहरा पाहिला आणि पुढची थट्टा गिळली.

डॉक्टरीणबाईंनी होकार दिलाय, पण अटी घालून. दोन्ही पावलांचा पुढचा अर्धा भाग गेलाय आणि उरलेल्याला थंडी कळत नाही. कळते तोवर उशीर झालेला असतो. म्हणून काही बिनसलं तर दीड तासात गाडीपर्यंत पोचता आलं पाहिजे. शिवाय उभ्याने स्की करणं त्याला आता जमत नाही. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्याकडे बसायची स्की आहे: खाली दोन पट्ट्या, वर खुर्ची, हातात दोन आखूड काठ्या. शाळेच्या मैदानावर तो तिच्यातून फेऱ्या मारतो आणि मैदानाला शिव्या घालतो.

वाट शोधायला गिर्यारोहण मंडळाच्या कचेरीत गेले होते. तिथल्या पोरांनी तीन वाटा दाखवल्या, तिन्हींवर 'सोपी' असं लिहिलेलं. पहिली थेट उभ्या कड्याखालून जाते, वरून बर्फ सुटलं तर पळायला जागा नाही. दुसरीत निम्मी वाट आडव्या उताराची, त्यावर खुर्ची कलंडणार. तिसरी तळ्यावरून. सोपी म्हणजे पाय असलेल्यांना सोपी, एवढंच मला त्यातून कळलं.

तळ्याचं नाव मी घरात काढत नाही, आणि तुझंही नाही. हालवारचं मत तुला ठाऊक आहे: ईस्टर संपला, बर्फ कच्चं व्हायला लागलं, की वाट दाखवायला रोवलेल्या काठ्या उपटायच्या असतात, तू उपटल्या नाहीस, काठ्या उभ्या दिसल्या म्हणून तो तळ्यावर गेला आणि बर्फ फुटलं. त्याला पाण्यातून ओढून काढलंस तूच, हेही तो विसरलेला नाही. पण म्हणतो, "आधी खड्ड्यात घालायचं, मग दोर टाकायचा. त्याचे आभार मानू?" मी त्याला आणखी एक बटाटा वाढते.

तू तीस हिवाळे या डोंगरात काठ्या रोवल्यास. कड्यापासून लांब, पाण्यापासून लांब, सपाट, झाडांच्या आडोशाची आणि रस्त्याजवळची वाट कुठे असेल तर ती तुझ्या डोक्यात असेल, मंडळाच्या संगणकात नाही. आठवली तर कळव. हालवारला हे पत्र माहीत नाही.

गुन्वोर


३ फेब्रुवारी

अस्लाक,

तुझं पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, नुसता नकाशा, आणि त्यावर शिसपेन्सिलीने काढलेली रेघ नि थोडी झाडं. मी तो ओट्यावर पसरला आणि तिथेच रडत बसले. नकाशा कोरा करकरीत होता. म्हणजे जिथे चार दिवससुद्धा बर्फ टिकत नाही अशा किनाऱ्यावर राहून, दिवसभर फेरीबोटीवर दोर बांधून, तू दुकानात गेलास, आमच्या डोंगराचा नकाशा मागवून घेतलास आणि आठवणीतून रेघ ओढलीस. तुझे उपकार कोणत्या शब्दांत मानू? ठीक आहे, शब्द नाहीतच, म्हणून काय केलं ते सांगते.

मंडळाची काठ्यांची तुकडी आता योरुन सांभाळते. तुझ्या वेळी ती सगळ्यांत लहान होती, सतत सँडविच विसरायची, ती. आता तिच्या हाताखाली दहा जण आहेत आणि ती कुणालाच सँडविच विसरू देत नाही. मी तिला नकाशा दाखवला. तिने तो खूप वेळ पाहिला. कुणाचा, ते विचारलं नाही. "जुन्या लाकूडगिरणीपासून गोठलेल्या दलदलीतून? हे आमच्या कुणाच्या टाळक्यात कसं आलं नाही?" म्हणाली.

शनिवारी आम्ही दोघी गेलो. दलदल म्हणजे टेबलासारखी सपाट, वर दीड हात बर्फ, आणि खाली बुडण्याइतकं पाणीच नाही. पुढे पाइनचं रान. तिथून दिसणाऱ्या एकुलत्या एका चढाचा कोन मी शाळेच्या कोनमापकाला दोरा नि नट बांधून मोजला, तू शिकवलास तसा. चोवीस अंश. तिसाच्या वर बर्फ सुटतं, हे तू माझ्याकडून नवव्या वर्षी घोकून घेतलं होतंस. आणि खरा उभा कडा तर इतका लांब, की तो सगळा कोसळला तरी आमच्यापर्यंत नुसता वारा येईल.

मग बसायची स्की तपासली. हालवार मैदानावर नसताना ती पळवली, तिच्यात बटाट्यांची दोन पोती बांधली, वजन बरोबर त्याच्याएवढं. योरुनने पोत्याला त्याची टोपी घातली. पोत्याने वाटेत एकदाही तक्रार केली नाही, तेवढाच काय तो फरक. सगळं छान चाललं होतं, पण त्या चढाआधी जमीन उजवीकडे झुकते, तिथे हालवार क्रमांक दोन खुर्चीसकट कलंडला आणि उतारावर बटाटेच बटाटे झाले. ती जागा कशी टाळायची ते सांग. रेघेवर मी तिथे फुली केलीय, नकाशाच्या त्या तुकड्याची नक्कल सोबत जोडलीय.

अजून एक. त्या वर्षी ईस्टरच्या सोमवारी तू आमच्या स्वयंपाकघरात वॅफल खात बसला होतास. तेव्हा आपलं काय बोलणं झालं ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं. रोज आठवतं. आज एवढंच लिहवतंय.

गुन्वोर


२४ फेब्रुवारी

अस्लाक,

बोटीचं चित्र असलेलं तुझं कार्ड आलं. "मोठ्या पाइनच्या डावीकडून जा. तिथे उतार आडवा नाही. काठ्या वेळेवर काढ."

शेवटचं वाक्य तू रागाने लिहिलंस की सवयीने, यावर मी दोन दिवस डोकं फोडत होते. मग वाटलं, सवयीनेच. तुला राग धरता येत असता, तर तू सात वर्षांपूर्वीच तोंड उघडलं असतंस.

कार्ड मी डब्यामागे लपवलं, पण नकाशा ओट्यावर राहिला. गुरुवारी हालवार कॉफी घ्यायला आला आणि नकाशाशी थबकला.

"ही पाइनची झाडं कुणी काढलीत?"

मी त्याच्या कपात कॉफी ओतायला घेतली.

"माशाच्या काट्यासारखी पाइनची झाडं जगात एकच माणूस काढतो," तो म्हणाला. "त्याच्या काठीमागून मी पुन्हा जाऊ? एकदा गेलो, पुरे झालं. अर्धी पावलं उरलीत, ती मला हवीत."

तो नकाशाची घडी घालायला लागला आणि मला दिसलं, की आता त्याची रात्रही जाणार आणि तूही जाणार. सात वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते, ती त्या क्षणी थुंकून टाकली. म्हटलं, "हालवार, काठ्या मी ठेवायला लावल्या होत्या."

"कसल्या काठ्या?"

"तळ्यावरच्या."

सगळं सांगितलं. की सोमवारी वॅफल खाताना तू म्हणालास, उद्या काठ्या काढायला जातो. की मी म्हटलं, दहा दिवस राहू दे, आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होताहेत, हालवारने मला तळ्यापलीकडच्या झोपडीत न्यायचं कबूल केलंय, काठ्या दिसल्या नाहीत तर तो पाऊल उचलायचा नाही. की तू म्हणालास, "गुन्वोर, वसंतात पाणी खाली जातं, बर्फ वरच्यावर पोकळ राहतं. तळं तुझ्या लग्नाची तारीख बघत नाही." आणि मी म्हटलं, "दहा दिवसांत काय आभाळ कोसळतंय? बहिणीसाठी एवढं करवत नाही?" मग तू नुसतं 'बरं' म्हणालास. वॅफल तसंच ठेवून उठलास.

आणि जे तुलाही माहीत नाही, तेही सांगितलं. आठव्या दिवशी मला ताप होता. हालवार दारातून म्हणाला, एकटाच फेरी मारून येऊ का, ऊन फार पडलंय. मी अंथरुणात रहस्यकथा वाचत होते. खुनी सापडायला दहा पानं उरली होती. मान वर न करता म्हटलं, "काठ्या आहेत ना अजून? मग जा की."

तो नकाशा ठेवून खोलीत गेला. चार दिवस फक्त रेडिओशी बोलला. बातम्या देणाऱ्या बाईंना उलट उत्तरं द्यायचा, मला नाही. मी वाढायचे, तो जेवायचा. पाचव्या दिवशी, काल, म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. आणि तू समोर बसून उकडलेले बटाटे वाढत राहिलीस."

"हो," म्हटलं.

"मला राग आलाय. पण सात वर्षं तो एका माणसावर बसवलाय, आता उचलून दुसरीकडे ठेवायला वेळ लागेल."

"लागू दे. मी कुठे जात नाही."

मग त्याने विचारलं, "त्या दिवशी तो वर कशाला आला होता?"

"काठ्या काढायला. मला दिलेला शब्द मोडून. एवढं ऊन बघून त्याला राहवलं नाही."

हालवारने कपातली कॉफी हलवली. साखर घालत नाही, तरी हलवत राहिला. "म्हणजे त्याने तुझं ऐकलं म्हणून मी बुडालो, आणि ऐकलं नाही म्हणून वाचलो," म्हणाला. उपटलेल्या काठ्यांची मोळी तू बर्फावर आडवी टाकलीस आणि तिच्यावर पालथा पडून त्याचा हात धरलास, हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं. दुपारी धुकं उतरल्याने हेलिकॉप्टरला उशीर झाला, तोवर तू त्याची पावलं आपल्या सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून बसला होतास. तीन तास. अस्लाक, हे मला माहीतच नव्हतं. कुणी विचारलंच नाही ना. सगळे विचारत होते, काठ्या का काढल्या नाहीस. आणि तू मंडळाला एवढंच सांगितलंस, "राहिल्या. चूक माझी."

तू माझं नाव घेतलं नाहीस. त्या उन्हाळ्यात नाही, पुढेही नाही. गाव तुझ्याकडे पाठ फिरवत होतं तेव्हा नाही, घर विकून निघालास तेव्हाही नाही, आणि मी तुला बसपर्यंत पोचवायला आले नाही, तेव्हासुद्धा नाही. तुझ्या त्या गप्प राहण्यावर माझा संसार टिकला. तुझे आभार मानायला मला सात वर्षं लागली. उशीर झाला हे कळतंय. तरी मानते.

गुन्वोर


१६ मार्च

अस्लाक,

हालवारला सांगणं अवघड वाटलं होतं. मंडळाच्या सभेत उभं राहणं त्याहून अवघड गेलं. शाळेच्या सभागृहात अकरा जण होते, त्यातले सात तुझ्या वेळचे. मी कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा घरी राहिला, म्हणून तोंडानेच सांगितलं. म्हातारा एमुन, ज्याचं वाण्याचं दुकान होतं, तो म्हणाला, "मी त्याला नमस्कार करणं सोडलं होतं. माझ्या दुकानात यायचा आणि मी फळीवरचे डबे मोजत बसायचो." मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. योरुन म्हणाली, "आता आधी कॉफी घ्या सगळ्यांनी."

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याऐवजी योरुनने नव्या वाटेची जबाबदारी माझ्या नावावर लिहिली. प्रत्येक वाटेला एक माणूस, रोवायचं त्यानेच, काढायचं त्यानेच. "तुझ्याइतकं हे आता कुणाला पक्कं कळलं असेल असं वाटत नाही," म्हणाली. मी नाही म्हणू शकले नाही.

शनिवारी रोवल्या. लाकूडगिरणीपासून दलदलीतून, मोठ्या पाइनच्या डावीकडून, झाडांच्या खोबणीपर्यंत, जिथे तंबू लावायचाय. दर वीस पावलांवर एक, म्हणजे धुक्यात एकीपाशी उभं राहिलं की दुसरी दिसते. पोती पुन्हा नेली. एकही बटाटा सांडला नाही. डावी बाजू मला आधी का सुचली नाही, असं वाटण्याइतकी ती वाट सरळ आहे. परत येताना पोत्यांचं वजन हलकं वाटत होतं.

हालवार आता माझ्याशी बोलतो. प्रेमाने नाही, पण बोलतो. काल स्वतःहून स्कीच्या पट्ट्यांना मेण लावायला बसला. मला वाटलं हा क्षण चांगला आहे. म्हटलं, "मग? जायचं ना? ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी?"

"जाईन. पण एक आहे. ज्याने रेघ ओढली त्याने पुढे चालावं. त्याला सांग."

सांगितलं. ये, अस्लाक. तुझी जुनी खोली मी झाडून ठेवलीय. तू आला नाहीस तरी हालवारला आम्ही नेऊच, योरुन आणि आणखी दोघं ओढायला आहेत, तेव्हा त्याचं ओझं मनावर घेऊ नकोस. पण ये.

गुन्वोर


१४ एप्रिल

अस्लाक,

तुझं पत्र बुधवारी आलं, निघायच्या आदल्या दिवशी. पहिलंच खरं पत्र, चार ओळींचं. "येता येणार नाही. आलो तर हालवारच्या पायांकडे बघावं लागेल. त्या तीन तासांत मी ते वाचवू शकलो नाही." मी ते हालवारला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पाय मी मोज्यात घालून ठेवतो, म्हणावं." मग स्वयंपाकघरातून बाहेर गेला, आणि बाहेर कशाला तरी लाथ मारल्याचा आवाज आला. अर्ध्या पावलाने मारलेली लाथ दोन दिवस दुखत होती.

गेलो आम्ही. ऊन होतं, वारा नव्हता. दलदलीवर त्याने कुणाला ओढू दिलं नाही, स्वतःच काठ्या मारत गेला, योरुनला मागे टाकून. मोठ्या पाइनशी थांबला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. डावीकडूनच." तुझ्याबद्दल गेल्या सात वर्षांत त्याने काढलेला हा पहिला चांगला शब्द.

खोबणीत तंबू लावला. रेनडिअरचं कातडं खाली, त्यावर झोपायच्या दोन पिशव्या. दर तासाला मी त्याच्या पावलांवर हात ठेवून बघायचे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं. ऊब होती. पहाटे मी जागी झाले तर तो तंबूचं तोंड उघडून, डोकं बाहेर काढून पडला होता. रानात कुठेतरी पक्षी सुरू झाला होता. मी विचारलं, "थंडी वाजतेय?" तर म्हणाला, "वाजतेय. मस्त वाजतेय." मग आम्ही बर्फावर बसून संत्री सोलली, ईस्टरला सोलतात तशी. त्याने पहिली फोड मला दिली. लग्नानंतर तो नेहमी द्यायचा, आणि फेब्रुवारीपासून देत नव्हता. एवढ्या थंडीत संत्र्याची फोड दाताला लागते, पण मी ती चावली नाही, तशीच तोंडात धरून ठेवली.

ईस्टरच्या सोमवारी लोक विचारत होते, वाट फार छान आहे, अजून आठवडाभर ठेवा ना. मंगळवारी सकाळी मी वर गेले आणि शेवटच्या काठीपर्यंत सगळ्या काढल्या. हालवार बरोबर आला. खुर्चीतून वाकून तो एकेक काठी उपटायचा आणि मांडीवर घ्यायचा. घरी आल्यावर मी मोळी बांधायला दोरी शोधत होते, तर तो म्हणाला, "यांतल्या पंधरा मला दे."

"कशाला?"

"दे तर."

मी दुपारी एमुनकडे जाऊन आले, तेव्हा तो आमच्या फाट्यापाशी बसच्या थांब्याला टेकून बसला होता, कपाळावर घाम. थांब्यापासून अंगणातून आमच्या दारापर्यंत त्याने पंधराच्या पंधरा काठ्या रोवल्या होत्या. वीस वीस पावलांवर, सरळ रेषेत.

मी म्हटलं, "हालवार, ईस्टर संपला. काठ्या उपटायच्या असतात. आणि या तर बर्फ वितळलं की पडतील."

"ही वाट मंडळाची नाही," तो म्हणाला. "त्या लोखंडी पहारीने जमिनीत भोकं पाड, मी धरतो. जून असो, जुलै असो, या उभ्याच राहणार."

जमीन अजून गोठलेली आहे, पण आम्ही रोज दोन-तीन पाडतोय. आज आठवी झाली. लोक येता-जाता विचारतात, हे काय? हालवार सांगतो, "आमच्या अस्लाकसाठी. त्याला धुक्यात वाट चुकायची भीती वाटते." तुझा माझ्याइतका पाणउतारा दुसऱ्या कुणी केला नसेल, तेव्हा हा सहन कर.

काठी उभी, तर वाट उघडी. हे आपण दोघं वाचायला शिकायच्या आधी शिकलो. बस मंगळवारी आणि शुक्रवारी येते, चार वाजून दहा मिनिटांनी.

तुझी बहीण,
गुन्वोर